तांदळात बसलेले देव

कुलूपमाय घराशी बोलायची. मनातल्या मनात नव्हे, चांगलं मोठ्यानं, गल्लीला ऐकू जाईल असं. कुलूप लावलं की दारावर तळहात ठेवायची आणि घरातल्या एकेकाला पुढे ढकलायची, "घरले सांग, येस म्हन. जास नको म्हनू." लाजत का होईना, सगळे दाराला "येतो" म्हणायचे. गुजराती मुलखातल्या आमच्या डिंडोलीच्या गल्लीतून तसं न म्हणता गावी गेलेलं कुणी मला तरी आठवत नाही.

गल्ली बहुतेक जळगाव-धुळ्याकडची, मधेच आम्ही वऱ्हाडातले. कुणी बाळंतपणाला, कुणी म्हाताऱ्याच्या आजारपणाला महिनोन्‌महिने गावी जायचं. घर बंद करायला हिला बोलावणं गेलंच म्हणून समजा. पदर खोचून यायची. आधी चहा, मग काम. माझ्याशी मराठीत बोलायची, पण कुणी घाई केली की अहिराणी सुटायची, "हाई घर शे, गोडाऊन नई!" मग भल्याभल्यांची बोलती बंद.

नवरा लूमवर होता तेव्हापासूनच्या डागी साड्यांचं एक गाठोडंच होतं तिच्याकडे. फ्रिज पुसून त्याचं दार उघडं ठेवायची आणि वर जांभळी साडी टाकायची. टीव्हीला पोपटी, पलंगाला लालभडक. "बंद घर सुतकी दिसता कामा नये," म्हणायची. उरलेल्या चिंध्यांचा बोळा मोरीच्या भोकात ठासून वर वीट ठेवायची, कारण पावसाळ्यात खाडी भरली की पाणी आधी तिथूनच वर येतं.

शेवटचं काम देवांचं. पितळी डब्यात तांदूळ घालायचे, देव त्यात गळ्यापर्यंत बसवायचे आणि झाकण लावायचं. त्यात मात्र तिचा नियम कडक होता. "माणूस परत येणार असेल तर देव घरात. देव उचलले, की बिऱ्हाड उठलं."

म्हणून तर ती स्वतः निघाली तेव्हा सगळ्या गल्लीचे डोळे तिच्या देव्हाऱ्याकडे लागले होते. गुडघे पार गेले होते, मोरीत एकदा पडलीही होती. ऑपरेशनसाठी मुलगा, किशोरदादा, पुण्याहून न्यायला आला. माणूस वाईट नव्हता हो. आई एकटी असताना पुन्हा पडली तर, या धास्तीनं त्याची झोप उडाली होती. तिला कायमची तिकडेच ठेवायची आणि घर भाड्यानं द्यायचं, असं त्याच्या मनात होतं. तिलाही ते कळलं होतं.

"आई, देव घेऊन चल. तिकडे नवं देवघर केलंय," तो म्हणाला.

समोरच्या हंसाबेनला राहवलं नाही. "मासी, पाछा आवशो ने?" तिनं विचारलं. परत याल ना, हेच आमच्या सगळ्यांच्या पोटात होतं, पण विचारायची हिंमत तिची.

माय माझ्याकडे वळून म्हणाली, "पोरी, वाडगाभर तांदूळ आण. माझे संपले."

मी अशी धावले म्हणून सांगू! तिनं एकेक देव तांदळात बसवला. किशोरदादा कुरकुरला, "पण पूजा कोण करणार?"

"मी येईपर्यंत त्यांनाही आराम," माय म्हणाली आणि झाकण दाबलं.

पावसाळा सरता सरता किशोरदादा एक दलाल आणि भाडेकरू जोडपं घेऊन आला. चावी माझ्याकडे होती, मीच दार उघडलं. बाई धुळ्याकडच्या शिरपूरची होती. घर कोरडं ठणठणीत, तिला एकदम पसंत पडलं. स्वयंपाकघरात फळी किती खोल आहे ते बघायला तिनं पितळी डबा बाजूला सरकवला, तर झाकण निघालं. आत तांदळातून बाळकृष्ण बघत होता.

बाईनं झाकण लावलं, हात जोडले आणि नवऱ्याला म्हणाली, "चला हो. या घरातली माणसं यायची आहेत अजून."

दलाल कळवळला, "अरे बेन, मकान खाली छे!"

"कुठे खाली आहे? देव बसलेत," असं म्हणून ती उंबरा ओलांडून गेलीसुद्धा. मला इतका अभिमान वाटला, जणू मीच ते तांदूळ पिकवले होते! किशोरदादा पलंगावरच्या लालभडक साडीवर डोकं धरून बसला. मग त्यानं आईला फोन लावला आणि एवढंच विचारलं, "दिवाळीनंतर तुला घरी सोडायला येऊ का?"

माय काठी टेकत आली. कुलूप स्वतः काढलं, देव धुतले आणि त्या तांदळाची खीर करून घरोघर पाठवली. दलालालाही वाटी गेली. पुढे काही वर्षं ती त्याच घरात ताठ मानेनं राहिली आणि या हिवाळ्यात तिथेच झोपेत गेली.

दिवसकार्य आटोपल्यावर किशोरदादानं घर बंद करायला घेतलं. आम्ही ओट्यावर उभे होतो. विकणार, असंच सगळ्यांनी धरलं होतं. त्यानं मोरीत बोळा ठासला, वीट ठेवली. फ्रिजचं दार उघडं ठेवून जांभळी साडी टाकली. मग माझ्याकडे न बघताच हात पुढे केला, "वाडगाभर तांदूळ दे गं."

देव बसले. कुलूप लागलं. एवढी वर्षं पुण्यात राहून ज्याच्या तोंडून अहिराणीचा शब्द कधी ऐकला नव्हता, त्या माणसानं दारावर तळहात ठेवला आणि गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाला, "येस वं माय."