दुसऱ्या दोरीवर दोघंच

आमची प्लाटून त्या पोस्टवर चढली तेव्हा ऑक्टोबरचा पहिला आठवडा होता. नव्वदच्या दशकातली गोष्ट. उंची चौदा हजार फूट, माणसं सव्वीस, बंकर चार. खालची वाट नोव्हेंबरात बंद व्हायची ती एप्रिलात उघडायची. मी लान्स नाईक होतो, रेडिओ ऑपरेटर. नाईक प्रकाश कांबळे दुसऱ्या सेक्शनमध्ये होता. आम्ही दोघे गारगोटीजवळच्या एकाच गावचे. एका शाळेत शिकलो, कोल्हापूरच्या भरतीत एकाच दिवशी धावलो. मी वर्षाने मोठा म्हणून तो मला दादा म्हणायचा. नाईकची फीत मात्र त्याला आधी मिळाली, कारण तो माझ्यापेक्षा चांगला सोल्जर होता.

काम ठरलेलं असायचं. पहाटे स्टँड-टू, म्हणजे हत्यार घेऊन मोर्च्यावर उभं राहणं, सातला चहा, मग बर्फ उपसणे. दर तिसऱ्या दिवशी आठ जणांची पेट्रोल, म्हणजे गस्तीची तुकडी, शेजारच्या पोस्टपर्यंत जाऊन यायची. वाटेत एक नाला लागायचा. तिथला उतार इतका सरळ की दोरी बांधूनच पार करावा लागे. एका दोरीवर चार माणसं. ट्रेनिंगमध्ये उस्तादांनी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली होती: एक घसरला तर तिघे धरतात.

पोस्टच्या टोकाला दगडांचं एक ठाणं होतं. आमच्या कितीतरी आधी तिथे एक जवान बर्फात गेला होता. त्याला सगळे बाबा म्हणत. पेट्रोल निघताना बाबापुढे चहाचा मग ठेवायचा, टिळा लावायचा, नारळ असला तर फोडायचा. हे कुठल्याही ऑर्डरमध्ये नव्हतं. आधीच्या युनिटने जाताना सांगितलं आणि आम्ही करू लागलो. प्लाटूनमध्ये मराठे होते, धनगर होते, शिरोळकडचा एक लिंगायत जवान होता. घरी प्रत्येकाचा देव वेगळा, पण तिथे सगळे एकाच दगडापुढे वाकत.

कांबळे वाकत नसे. तो सावधान उभा राहून कडक सॅल्यूट करायचा आणि पुढे व्हायचा. त्याच्या वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतली होती. घरात तेव्हापासून बुद्धवंदना होती, नवस-नारळ नव्हते. सुभेदार साहेबांनी त्याला एकदा विचारलं. तो म्हणाला, बाबा सोल्जर होते, सोल्जरला सॅल्यूट देतो. साहेबांनी मान हलवली. दोन महिने कुणाचीच काही तक्रार नव्हती.

डिसेंबरात एका जवानाच्या पायाची दोन बोटं गारठून गेली. आठवड्याने एका बंकरात स्टोव्ह भडकला आणि राशनची चार पोती जळाली. त्या दिवशी कुकहाउसमध्ये कुणीतरी म्हणालं की बाबा नाराज आहेत. कुणामुळे, हे त्याने सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती.

कांबळेच्या तोंडावर कुणी ब्र काढला नाही. त्याचं ताट वेगळं झालं नाही, त्याला कुणी शिवी दिली नाही. फक्त पेट्रोलच्या यादीत त्याचं नाव आलं की कुणाचा तरी गुडघा दुखू लागे.

मी बारावी पास होतो. ओला मोजा पायात राहिला की बोटं जातात, हे मला पक्कं माहीत होतं. पण सहा महिने ज्यांच्या श्वासात श्वास मिसळून झोपायचं, ती माणसं एकच गोष्ट बोलू लागली की ती आपल्याही अंगात उतरते. ठाण्यापुढून जाताना मीही आता जरा जास्त वेळ वाकायचो. शेवटी मी कांबळेला बाजूला घेतलं आणि म्हणालो, एकदा टिळा लाव, विषय मिटेल.

तो बूट पुसत होता. त्याने विचारलं, "दादा, तूबी मानतोस व्हय हे?"

"मी न्हाय मानत. पर लोकांसंगं ऱ्हायाचं हाय."

"मीबी लोकांसंगंच हाय की," तो म्हणाला आणि दुसरा बूट घेतला.

जानेवारीतली ती पेट्रोल सकाळी साडेसातला निघाली. आठ माणसं. पेट्रोल लीडर एक हवालदार होता. माझ्या पाठीवर रेडिओ सेट. सव्वानऊला आम्ही नाल्यापाशी पोचलो. आदल्या दिवशी ताजा बर्फ पडला होता.

पहिली दोरी भरली. चार माणसं झाली, तरी पाचवा त्याच दोरीला बांधून घेऊ लागला. म्हणाला, बुटाखालचा क्रॅम्पॉन ढिला आहे, पुढच्यांच्या पावलात पाऊल टाकून येतो. मागच्या दोरीवर दोघेच उरले. एक कांबळे आणि दुसरा नर्सिंग असिस्टंट. तो आसामचा होता, आठ दिवसांपूर्वीच हेलिकॉप्टरने वर आला होता. त्याला अजून कुणी काही सांगितलं नव्हतं.

कांबळेने दोरीचं टोक माझ्यापुढे धरलं.

"ये, दादा."

मी म्हणालो, "सेट माझ्याकडं हाय. हवालदारांना पुढं लागंल."

ते खोटं नव्हतं. पण सेट मागच्या दोरीवरूनही चालला असता. त्याने माझ्याकडे पाहिलं, टोक गुंडाळलं आणि खांद्याला अडकवलं. मी पहिल्या दोरीवर सहावा झालो. हवालदारांनी मागे वळून मोजलं. मग घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, "चलो."

नऊ चाळीसला मागे आवाज झाला. जाड कापड फाटावं तसा. कांबळेच्या पायाखालचा बर्फ सुटला होता. नर्सिंग असिस्टंटने आइस-ॲक्स रोवली, पण एकट्याच्या वजनाने ती टिकली नाही. दोघे खाली गेले. असिस्टंट एका खडकाला अडकला, त्याचा हात मोडला. कांबळे त्याच्या खाली होता आणि वरून आलेला बर्फ त्याच्यावर बसला.

मी सेट उघडला.

"एक आदमी बर्फ के नीचे. ओव्हर."

"नाम बताओ. ओव्हर."

"नाईक कांबळे. ओव्हर."

पलीकडून सुभेदार साहेबांचा आवाज आला. "खोदो."

आम्ही सहा जणांनी फावड्यांनी आणि हातांनी खोदलं. दहा पन्नासला तो सापडला. दोरी कमरेला तशीच होती.

दुसऱ्या दिवशी प्रत्येकाने ठाण्यापुढे डोकं टेकलं. मीही टेकलं.

पार्थिवाबरोबर हेलिकॉप्टरने मला खाली पाठवलं. गाव जमलं, सलामी झाली. प्रकाशची बायको शालन पंचविशीचीही नव्हती. तिने एवढंच विचारलं, "शेवटाला तुम्ही संगट हुतासा न्हवं, भावजी?" मी म्हणालो, "व्हय."

दोन हजार सालानंतर मी हवालदार म्हणून रिटायर झालो आणि शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीच्या गेटवर सिक्युरिटीला लागलो. एकदा जानेवारीत तिथे एक जवान आपल्या भावाला भेटायला आला. सुट्टीवर होता. बोलता बोलता कळलं की तो त्याच पोस्टवर राहून आलाय. तो आपणहून सांगू लागला, "तिथला बाबा लई कडक हाय, काका. मागं एक जण मानत नव्हता. बाबानं त्याला नाल्यात घेतला. त्याच्या आधी सगळ्यांना पुढच्या दोरीवर सरकवलं बघा. एकाबी माणसाला धक्का न्हाय."

मी त्याला सांगितलं की आम्हाला कुणी सरकवलं नव्हतं. आम्ही आपल्या पायांनी सरकलो. जो गेला त्याचं नाव प्रकाश कांबळे होतं आणि दोरीवर चौघे असते तर तो वर आला असता. त्या जवानाने सगळं नीट ऐकून घेतलं. मग खाली बघत म्हणाला, "असंल, काका. पर आमी चहा ठेवूनच जातो."

त्या रविवारी मी गावी गेलो. दर जानेवारीत जायचोच. शालनवहिनी चहा करायच्या, मी फोटोला सॅल्यूट करून परतायचो. त्या दिवशी मी चहा घेतला नाही. दारातच उभं राहून सांगितलं की मी प्रकाशच्या दोरीवर नव्हतो. त्याने बोलावलं होतं, मी गेलो नाही.

त्यांनी हातातलं सूप खाली ठेवलं. म्हणाल्या, "म्हाईत हाय मला. त्येंचं पत्र आलतं, माती झाल्यावर आठ दिसांनी. माझ्या दोरीवर याला कोण राजी न्हाय, दादाबी गप असतो, असं लिवलं हुतं."

इतकी वर्षं त्यांनी मला पाट दिला होता, चहा दिला होता. मी विचारलं, मग कधी बोलला का नाहीत?

"तुम्ही कवा सांगतासा ते बघत हुते," त्या म्हणाल्या. "आत या."

फोटोत त्याच्या दंडावर नाईकची नवी फीत आहे. वय सत्तावीस. रेकॉर्डमध्ये मृत्यूचं कारण हिमस्खलन असं लिहिलं आहे.