दशरथची शिरोरेखा

गोडदेवचा दशरथ दुकानांच्या पाट्या रंगवायचा. बापजाद्यांचं मिठागर सुटलं आणि ह्यानं ब्रश धरला. आमच्या नाटक कंपनीचे फलकही एके काळी त्याच्याच हातचे. आधी अक्षरं लिहायचा आणि शेवटी वरची शिरोरेखा, पट्टी न लावता, श्वास रोखून एका दमात ओढायचा. शिडीखाली उभा राहून मी टाळ्या वाजवायचो.

२००७ साली त्याचा खांदा धरला. माझ्या गुडघ्यांसाठी एका वैद्याच्या पुड्या यायच्या. दशरथ रोज चारला बेव्हर्ली पार्कात माझ्याकडे चहाला येई. मी त्यालाही पुडी देऊ लागलो. आठवड्यात खांदा मोकळा झाला. मला कोण आनंद.

सहा महिन्यांनी नया नगरच्या एका दुकानदारानं पाटी परत केली. "दशरथभाई, लाइन बीच में झुक गई है."

"नाना, मना तं ती सरल दिसते," दशरथ मला म्हणाला. "जुन्या पाट्याच वाकड्या झाल्यात."

मी हबकलो. त्याला तडक डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर सुचेताबाईंनी डोळ्यांच्या आतल्या पडद्याचा साधा फोटो काढला. त्यात फारसं काही दिसेना. दुसऱ्या यंत्रानं पडद्याचा उभा छेद दाखवला, तर दोन्ही डोळ्यांत पडद्याखाली पाणी. मग हाताच्या शिरेतून आधी पिवळा आणि नंतर हिरवा रंग सोडून पुन्हा फोटो. त्यांत गळती सापडली, पडद्यामागच्या रक्तवाहिन्यांच्या थरातून.

"पहिल्याच फोटोवर थांबले असते, तर नुसता चष्मा दिला असता," बाई म्हणाल्या. "स्टिरॉइड घेता? त्यानं असं पाणी साचतं."

"न्हाय."

"देशी औषध? पुडी?"

माझा हात खिशाकडे गेला. चारची पुडी खिशातच होती. तीन नाटकांत मी विषाचे पेले दिले होते, प्रत्येक वेळी टाळ्या घेऊन.

"हाय एक वैदू, गावाकडं," दशरथ माझ्याकडे न बघता म्हणाला.

मी पुडी टेबलावर ठेवली. "मी देतो." सबंध थिएटरात घुमणारा माझा आवाज त्या खोलीतही पुरेना.

तपासणीत पुडीत स्टिरॉइड निघालं. बाईंनी आम्हा दोघांचीही पुडी हळूहळू बंद केली. चार महिने दशरथनं ब्रश धरला नाही. तरी चहाला रोज यायचा.

मग पुन्हा तेच सगळे फोटो झाले. पाणी ओसरलं होतं.

त्या दुपारी तो रंगाचा डबा घेऊनच आला. माझ्या दारावर माझं नाव लिहिलं, श्वास रोखला आणि रेघ ओढली. मी पट्टी आणून लावून पाहिली. केसाचाही फरक नव्हता.

"आता नुसता चा द्या, नाना," तो म्हणाला.