डोमकळ्या आणि वहीतले दिवस

आमच्या घराण्यात कॉलेज पूर्ण केलेला मी पहिला, तेही शेतकीचं. हे सांगताना मी कधी लाजलो नाही. नोकरीमुळं शहरात, पुंडलिकनगरात राहतो, रविवारी गावी जातो. घरच्या कपाशीवर फवारणी कधी करायची हे वडील मलाच विचारत.

त्याआधी त्यांचं सरळ होतं. पोळ्याची अमावस्या झाली की दुसऱ्या दिवशी पंप पाठीवर. अमावस्येच्या अंधारात पतंग अंडी घालतात, एवढं त्यांना पुरे होतं. यंदाही मीच त्यांना अडवलं. गुलाबी बोंडअळीचे पतंग धरायला मी सापळे टांगले होते. पहिला पतंग सापडला त्या दिवसापासून कॉलेजच्या वहीप्रमाणं एका पिढीचा, अंड्यापासून पतंगापर्यंतचा, महिना मोजला आणि म्हणालो, "अण्णा, पोळ्यानंतर दोन हप्ते थांबा. उगं औषध वाया जाईल."

पावसानं ओढ दिली होती. श्रावणात वैशाखासारखं ऊन. पोळ्यानंतरच्या रविवारी गेलो तर वरच्या रानात जागोजागी डोमकळ्या, म्हणजे अळीनं आतून शिवून टाकलेली, न उमललेली फुलं. उष्णता वाढली की अळी लवकर वाढते, हे मी परीक्षेत लिहून मार्क घेतले होते. मोजताना मात्र वहीतलेच दिवस धरले.

शेजारच्या बांधावरून चुलते म्हणाले, "काय साहेब, डिगरीला बी अळी लागती का?"

"तुला कुठं डिगरी हाय?" वडील म्हणाले. "तू तर पोळ्यालाच मारलं. तुझ्यात नाय का?"

चुलत्यांनी आपल्या कपाशीकडं बघितलं. त्यांच्याकडंही तेच होतं. मग मी उशीर केला, की त्यांनी चुकीच्या वेळी मारलं? की यंदा अळीचाच काही नेम नव्हता? मला काही थांग लागेना.

खालचं रान उशिरा पेरलेलं, अजून हाताशी होतं. वर्षाचा कापूस आता तेवढाच. वडिलांनी विचारलं, "तिथं कवा मारायचं?"

"मला नाय सांगता येत, अण्णा."

हे मी त्यांना पहिल्यांदाच म्हणालो. ते रागावतील असं वाटलं, पण ते खालच्या रानाकडं चालू लागले. दोन ओळींमधल्या तासात बसून एक हिरवं बोंड तोडलं, नखानं फोडलं, माझ्या हातावर ठेवलं. आत पांढरं, स्वच्छ. दुसरंही स्वच्छ. तिसऱ्यात सुईच्या टोकाएवढं काहीतरी हललं.

"ही तीच का?" त्यांनी विचारलं.

मी चष्मा पुसला आणि पुन्हा बघितलं.