अकरा वर, आठ उजवीकडं

माझा टार्गेटचा कागद सरांनी दोन बोटांत धरून सगळ्यांना दाखवला. पाच भोकं. पाचही एकमेकांना चिकटून, एका रुपयाच्या नाण्याखाली झाकली जातील अशी. फक्त ती काळ्या गोलाच्या मधोमध नव्हती. खाली, डाव्या अंगाला, गोलाच्या कडेला लोंबत होती.

"धनगराचा नेम," सर म्हणाले. "मेंढराच्या आसपास पडला की भागतंय."

नेमबाजीच्या रेंजवर दहाबारा जण होते. सगळे हसले. सगळ्यांत मोठ्यानं मी हसलो.

हे आधीच लिहून टाकतो, कारण पुढं मी लय शूर दिसणार आहे. त्या दिवशी मी हसलो. वर "सवय जात न्हाई सर" असंही म्हणालो. आता आमच्या घरची मेंढरं थोरला भाऊ राखतो. मी आयुष्यात एकाही मेंढराला दगड मारलेला नाही. गावी गेलो तर ती मला ओळखतसुद्धा नाहीत. जत तालुक्यातून दहावीनंतर मिरजेला आलो आणि चष्म्याच्या दुकानात काचा घासायला लागलो. पण सरांनी पहिल्याच दिवशी आडनाव विचारून घेतलं होतं. तेवढ्यावर माझा नेम कसा असणार हे त्यांनी ठरवून टाकलं.

रेंज सांगलीच्या बाहेर, उसाच्या मधोमध, पत्र्याच्या शेडमध्ये. सर कोरेगावकडचे, फौजेतून आलेले. रान ज्यांचं, त्यांच्या मुलाला सगळे धाकले सरकार म्हणत. ते पुण्याला. दिवाळीला यायचे, वीसेक छर्रे मारायचे, जायचे. आमच्यासारख्यांना मिळायचं ते त्यांनी वापरून झालेलं जुनं एअर पिस्तूल.

पिस्तुलाच्या मागच्या सायटीला, म्हणजे ज्या खाचेतून नेम धरतात तिला, दोन बारीक स्क्रू असतात. एक फिरवला की छर्रा वर-खाली सरकतो, दुसरा फिरवला की डावी-उजवीकडं. प्रत्येकाचा डोळा वेगळा, मूठ वेगळी. म्हणून ज्याच्या हातात पिस्तूल त्यानं ते स्क्रू आपल्याला बसवून घ्यायचे. ह्याला झिरो करणं म्हणतात.

हे मला माहीत नव्हतं. मला एवढंच माहीत होतं की दोन्ही स्क्रूंवर लाल नेलपॉलिशचे ठिपके आहेत, स्क्रू हलला की मोडतील असे, आणि ठिपका मोडला तर रेंजवर यायचं बंद. भिंतीवर सरांच्या अक्षरात लिहिलेलं होतं: छर्रा सरळ जातो, माणूस वाकडा असतो.

मग काय, मी सरळ व्हायला लागलो. वाळू भरलेली बाटली हातात धरून रोज अर्धा तास भिंतीसमोर उभा. घरमालकीण विचारायची, कुणाला शाप देताय का. बूट बदलले. उभं राहायची तऱ्हा बदलली. भोकं तिथंच. खाली, डावीकडं.

शेवटी मी शहाणपणा केला. नेमच वाकडा धरायचा. सगळे काळ्या गोलाच्या खाली पांढऱ्यात नेम धरतात, कारण पुढची, नळीच्या टोकावरची सायट काळी असते. पांढऱ्यावर ती स्वच्छ दिसते. मी ती गोलाच्या आत, वरच्या उजव्या अंगाला न्यायचो. काळ्यात काळं बुडायचं. अंधारात म्हैस शोधल्यासारखं. कधी पुरे दहा गुण पडायचे, कधी कागदच चुकायचा. वर्षभर मी एका चुकीवर दुसरी चूक चढवत होतो आणि त्याला सराव म्हणत होतो.

मग दुकानात एक म्हातारबा आले. मिरजेतच तंबोरे जुळवणारे. मान एका खांद्यावर टाकून माझ्याकडं बघत होते. चष्मा काढून मशीनवर लावला तर नंबर त्यांचा नव्हताच. वारलेल्या थोरल्या भावाचा चष्मा सहा वर्षं घालत होते. मी नेहमीसारखा तोंडाचा पट्टा सोडला. दुसऱ्याचा नंबर घालतं का कुणी, मान वाकडी झाली की हो तुमची.

ते शांतपणे म्हणाले, "मला वाटलं, माझी मानच तशी हाय."

मी त्यांना हसणार होतो. तेवढ्यात धाकल्या सरकारांचं ते पिस्तूल आठवलं, आणि त्यावरचे लाल ठिपके. दिवसाला वीस माणसांना मी हेच सांगतो, आणि संध्याकाळी सायकल मारत जाऊन दुसऱ्याच्या डोळ्यानं नेम धरतो. एवढा गाढव माणूस मिरजेत दुसरा नसेल.

त्या रात्री मोबाईलवर मिळेल ते वाचलं. छर्रा सरळ जातच नाही. नळीतून सुटला की लगेच पडायला लागतो. दहा मीटरांत दीडएक बोट पडतो. म्हणून सायट अशी बसवतात की नळीचं तोंड किंचित वर राहावं. मग पडता पडता छर्रा हवा तिथं पोचतो. म्हणजे सरळ म्हणून जे काही होतं ते कुणीतरी बसवलेलं होतं. स्वतःसाठी.

मी सरांकडं गेलो. अगदी हात जोडायचे बाकी ठेवले. स्क्रू माझ्यापुरते फिरवू का, झालं की परत आणून ठेवतो.

"ते धाकल्या सरकारांच्या डोळ्याला झिरो केलंय," सर म्हणाले. "तू त्यांच्यापर्यंत ये. ते तुझ्यापर्यंत येणार न्हाईत."

बरं सर, म्हणून परत आलो. तेव्हाही.

साताऱ्याला निवड स्पर्धा होती. इथं पुरेसे गुण पडले तर राज्याच्या स्पर्धेला जायचं. आमच्या सात पिढ्यांत कुणी कशाला निवडलं गेलं नव्हतं. पहिली पंधरा मिनिटं अंदाज घ्यायची असतात, त्यातले गुण धरत नाहीत. मी पाच छर्रे मारले. खाली, डावीकडं. सर मागं खुर्चीवर बसले होते.

खिशात दुकानातला बारका पेचकस होता, चष्म्याच्या दांड्या आवळायचा. मी तो काढला आणि दोन्ही ठिपके खरवडून टाकले. लाल पापुद्रा मेजावर पडला. मागं खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

आता इथं माझा पराक्रम ऐका. वर्षभराचा अपमान, एवढं वाचन, एवढी हिंमत, आणि मी स्क्रू उलटे फिरवले. छर्रा डावीकडं जातोय ना, मग सायटही डावीकडं ढकलायची, असं माझ्या डोक्यानं घेतलं. पुढचे तीन छर्रे काळा गोल सोडून पार कागदाच्या कोपऱ्यात.

सर हसले. त्यांच्या बाजूचेही हसले.

"झाली हौस? ठेव खाली," सर म्हणाले. "पिस्तूल आमचं हाय."

लाइनवर पंच म्हणून एक बाई होत्या. त्यांनी वळूनही न बघता सांगितलं, "लाइनवर आहे तोवर त्याचं. तुम्ही मागं व्हा."

ह्या वेळी मी हसलो नाही. कान तापले होते. पण हसलो नाही. फिरवलं तेवढं आधी उलटं फिरवून परत आणलं. मग तिथून, स्क्रू फिरताना वाजतात त्या टिचक्या मोजत, वर अकरा, उजवीकडं आठ. अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही. वर्षभर मला नाकारलेली गोष्ट एवढीच होती.

नेम पांढऱ्यात धरला, जिथं सगळे धरतात. छर्रा मधोमध गेला. दुसराही. माझ्या हातात काहीही वाकडं नव्हतं. कधीच नव्हतं.

साठ छर्रे मारले. पहिला आलो नाही, चौथा आलो. राज्याच्या स्पर्धेला तेवढं पुरतं.

बाहेर धाकले सरकार उभे होते, खांद्याला नव्या पिस्तुलाची पेटी. ते दुसऱ्या फेरीला होते. सरांनी माझ्या दंडाला धरून त्यांच्यासमोर उभं केलं आणि सांगितलं, ह्यानं तुमचा झिरो मोडला.

"कुठल्या पिस्तुलाचा?" त्यांनी विचारलं.

सरांनी सांगितलं. त्यांना आठवेना. "ते अजून आहे होय," म्हणाले, आणि मोबाईल कानाला लावून निघून गेले.

मेंढराच्या टोमण्यापेक्षा हे जास्त लागलं. ज्यांच्या डोळ्याला मी वर्षभर माझा डोळा जुळवत बसलो, त्यांना ते पिस्तूलच आठवत नव्हतं. राखण सर करत होते. आणि मीसुद्धा.

दोन दिवसांनी सरांचा निरोप आला. लेखी माफी द्यायची, सगळ्यांसमोर स्क्रू जुन्या जागी आणायचे, ठिपके परत लावायचे. तरच राज्याच्या स्पर्धेला पिस्तूल मिळेल. माझ्याकडं दुसरं नाही.

खरं सांगतो, मी लिहायला बसलो. "माननीय सर, माझ्या हातून" एवढं लिहून झालं. पुढं काय झालं ते लिहायचं होतं. माझ्या हातून काय झालं? छर्रा मधोमध गेला.

ते खोडलं आणि खाली लिहिलं:

"जुना झिरो पाहिजे असेल तर खाली अकरा, डावीकडं आठ. तुमचा तुम्ही फिरवा. मी फिरवणार नाही. रेंजवर बाकीच्या नऊ जणांना स्क्रू कुठल्या बाजूला फिरवायचा ते सांगितलं आहे. मी आधी कसा चुकलो तेही सांगितलं आहे, म्हणजे ते चुकणार नाहीत. पिस्तूल दिलं नाही तर दुसरीकडून आणीन. कुणाचंही असो, हातात आलं की आधी माझ्या डोळ्याला बसवीन. आता विचारणार नाही."

खाली सही केली. आडनावासकट.