आमचे हे, जिथे असाल तिथून या

आमच्या मंडळाच्या खोलीत दर रविवारी सकाळी मी बालगटाला बोलायला शिकवतो. लालबागच्या पोरांना बोलायला शिकवणं म्हणजे कोळणीला पापलेट दाखवणं, असं माझी बायको म्हणते. मला ते पटतं, तरी मी जातो. विमा विकणाऱ्या पोरांना ग्राहकाशी कसं बोलावं हे शिकवण्याची माझी नोकरी. तेच धुऊनपुसून मी इथे आणलं. आधी ऐका, मग विचारा, मग बोला. बोलणाऱ्याकडे बघा, घड्याळाकडे बघू नका.

यंदा गणपतीत हरवल्या-सापडल्याचं टेबल मी हट्टाने बालगटासाठी मागून घेतलं. महिनाभर तालीम केली. एकाने हरवायचं, एकीने आई व्हायचं, एकाने माईकवर बोलायचं. हरवणारा इतका मनापासून हरवायचा की खरोखरच शोधावा लागायचा, आणि बहुतेक वेळा वडापावच्या गाडीवर सापडायचा. चार प्रश्न सगळ्यांचे पाठ होते: नाव काय, वय काय, कपडे कुठले, शेवटचे कुठे पाहिले.

पाचव्या दिवशी दुपारी एक आजी टेबलाशी आल्या. नऊवारी, घामाने भिजलेला चेहरा, हातात फक्त दूर्वांची जुडी. माईकवर सातवीतली एक मुलगी होती, सगळ्यात धीट.

"आमचे हे खंय दिसनत नाय," आजी म्हणाल्या.

"नाव काय आजोबांचं?"

आजी जुडीतल्या दूर्वा नीट करू लागल्या.

"आजी, नाव?"

"घोवाचा नाव चारचौघात कसा घेऊचा गो? लग्नात घेतललंय, ताच शेवटचा."

मुलीने माझ्याकडे पाहिलं. हे उत्तर आमच्या तालमीत नव्हतं. वय आणि कपडे आजींनी सांगितले, शेवटचे पाहिले ते दर्शनाच्या गर्दीत. फोन करावा तर फोन आजोबांच्या खिशात आणि नंबर फोनच्या पोटात. कागदावर लिहून द्या म्हटलं, तर चष्माही आजोबांच्याच पिशवीत. मग आजींनी खरी गोष्ट सांगितली. सकाळी निघताना आजोबांनी साखरेची गोळी घेतली होती आणि पोटात अजून काही नव्हतं. मागे एकदा अशीच साखर उतरून ते बाजारात कोसळले होते.

आणि मी, संवादाचा गुरू, काय म्हणालो? "आजी, नावाशिवाय कसं होणार? मागे लोक थांबलेत." म्हणताना मी घड्याळाकडे पाहिलं. आजही आठवलं की कान गरम होतात.

"काका, तुम्ही घड्याळ बघितलं," मुलगी म्हणाली, आणि मी काही बोलायच्या आत तिने माईक चालू केला. "ऐका. आमचे हे हरवले आहेत. पांढरा शर्ट, पांढरी टोपी, वय सत्तरच्या पुढे. आमचे हे, जिथे असाल तिथून मंडपाजवळ या."

तीन आजोबा आले. तिघे पांढऱ्या शर्टात, तिघे ओशाळलेले. त्यांतल्या एकाची बायको तर गावी होती. तरी म्हणाला, "म्हटलं, आली की काय."

आजींनी तिघांना खालीवर पाहिलं. "ह्ये न्हय," त्या म्हणाल्या, भाजी परत करावी तशा.

तेव्हा मागच्या बाकावरून एक पोरगा म्हणाला, "उखाण्यात चालतं ना नाव? माझ्या मावशीने लग्नात घेतलं."

आजींनी मान वर केली. उखाण्यात चालत होतं.

मग जे सुरू झालं त्याला मी शिकवणं म्हणू शकत नाही. सगळा बालगट टेबलावर चढून आजींसाठी उखाणा जुळवू लागला. एकाने मोदक आणला, दुसऱ्याने त्याला जोडायला सोडक असा शब्द नव्यानेच काढला. तिसऱ्याने श्रीखंडाची वाटी पुढे केली.

"खावची भूक लागली काय रे तुमका?" आजी म्हणाल्या. त्यांनी पदर सावरला, माईक दोन्ही हातांनी धरला आणि डोळे मिटले.

"मंडपात वाजतो ढोल, बाहेर लागली रांग,
— रावांना शोधते, बाप्पा, कुठे गेले ते सांग."

ते नाव मी इथे लिहीत नाही. ते त्यांनी एवढ्या कष्टाने घेतलं, मी फुकट कसं वापरू? रांगेतून अशी शिट्टी वाजली की ढोलवाले थांबले.

आजोबा चपलांच्या स्टँडकडून आले, हातात आजींच्या चपला. अर्धा तास ते त्या सांभाळत तिथेच उभे होते. घोषणा त्यांनी ऐकली होती. "मीसुद्धा बघत होतो, पांढऱ्या टोपीचा कोण म्हातारा दिसतो का," ते मला म्हणाले. बोलता बोलता त्यांचे पाय लटपटले. मुलांनी खुर्ची सरकवली, कुणी सरबत आणलं, कुणी पेढा भरवला. जरा वेळाने चेहऱ्यावर रंग आला. माझ्याही.

"आता आजोबांनी नाव घ्यायचं," रांगेतून आवाज आला. मुलीने माईक त्यांच्या तोंडाशी धरला. आजोबांनी बराच विचार केला आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले, "गो, तुझो चष्मो माझ्याकडे आसा."

"माईक बंद कर त्यांचो," आजी म्हणाल्या, पण हसू लपवायला त्यांच्याकडे दूर्वांशिवाय काही नव्हतं.

त्यानंतर टेबलासमोर वेगळीच रांग लागली. सगळ्यांचे नवरे हरवले होते आणि सगळ्यांना उखाणा येत होता. बरेचसे हरवलेले नवरे शेजारीच पिशव्या धरून उभे होते. मुलगी प्रत्येकीला तितक्याच गांभीर्याने चारही प्रश्न विचारत होती.

त्या रांगेत चौथी माझी बायको होती. मी तिच्यासमोर, टेबलाच्या पलीकडे उभा होतो.

"काकू, शेवटचे कुठे पाहिले?" मुलीने विचारलं.

"घरी," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "गणपती यायच्या आधी."