परब काकांचं लिंबू

परब काका रस्ता ओलांडताना गाड्यांकडे पाहत नसत, गाड्या चालवणाऱ्यांच्या तोंडाकडे पाहत. एखादा चेहरा वैतागलेला दिसला की सिग्नल आपल्या बाजूचा असूनही ते फुटपाथवरच थांबत आणि मलाही हाताने अडवत. सीवूड्स स्टेशनपासून आमच्या सोसायटीपर्यंत त्यांच्याबरोबर चालत येणं म्हणजे संयमाची परीक्षाच. मी चिडले की ते हळूच म्हणत, "वहिनी, समोरचा माणूस आज घरून काय ऐकून निघालाय, आपल्याला काय ठाऊक?"

काका आमच्या समोरच्या घरात राहायचे, तिसऱ्या मजल्यावर. मूळचे सिंधुदुर्गातले. तळोज्याच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होते, तिथूनच निवृत्त झाले. शर्टाचं वरचं बटण कायम लावलेलं आणि बोलताना आवाज असा की शेजारच्या खोलीत जाऊ नये. काकींना जुना दमा. घरात ऑक्सिजनचं मशीन होतं आणि त्याच्या घरघरीवर काकांचं सगळं लक्ष. जिना उतरण्याआधी ते जाळीतून खाली बघून घेत. गेटवर कुणाचा आवाज चढलेला असला की पिशवी घेऊन परत वर.

आवाज चढायला कारणंही वाढली होती. आम्ही राहायला आलो तेव्हा इमारतीखाली वाणी, इस्त्रीवाला आणि वह्या-पुस्तकांचं दुकान होतं. लोक चालत येत, चालत जात. बघता बघता त्या गाळ्यांत मोमोज आले, केक आले, मोबाईलची कव्हरं आली, आणि कोपऱ्यातले दोन गाळे एक करून रोहिदासने हॉटेल काढलं. रोहिदास इथल्याच खाडीकाठच्या गावचा. गाळे त्याच्या वडिलांचे. गडी धिप्पाड, गळ्यात चेन, आणि काळी गाडी बरोबर आमच्या गेटसमोर. त्याची गाडी लागली की गिऱ्हाइकांच्याही तिथेच लागत.

एकदा गाडीच्या आरशाला आरसा घासला म्हणून दोन परक्या माणसांची खाली जुंपली. एकाने फुटपाथचा पेव्हर ब्लॉक उचलला. दुसऱ्याच्या कपाळातून रक्त आलं तेव्हा लोक मोबाईल धरून उभे होते. काकांनी ते खिडकीतून पाहिलं आणि मीही पाहिलं. त्या दिवसापासून मी मुलाला स्कूटरची किल्ली देताना बजावते, कुणी ठोकलं तरी तूच सॉरी म्हण आणि घरी ये. पूर्वी काकांच्या भित्रेपणाला मी हसायचे. नंतर ते हसू येईनासं झालं.

मग एका रविवारी काकींना श्वास घेता येईना. अ‍ॅम्ब्युलन्स आली, पण गेटसमोर दुहेरी रांग लागलेली. ती नाक्यावरच थांबली. काका हॉटेलात टेबलाटेबलासमोर हात जोडून फिरले. प्रत्येकाने गाडी आपली नाही म्हणून सांगितलं. शेवटी काकींना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून नाक्यापर्यंत उचलून न्यावं लागलं. त्या वाचल्या, पण इतका उशीर पुन्हा चालणार नाही, असं डॉक्टरांनी काकांना स्पष्ट सांगितलं.

सोसायटीने 'नो पार्किंग'ची पाटी लावली. पाटीला टेकूनच एकाने बुलेट उभी केली. रोहिदासशी सरळ बोला, असं मी काकांना सुचवलं. ते घाबरले. "त्याने ऐकलं तर ठीक. नाही ऐकलं तर रोज त्याच्यासमोरून जायचंय," म्हणाले.

त्यानंतरच्या अमावास्येला सकाळी गेटसमोरची जागा रिकामी होती. मधोमध पत्रावळीवर हळद-कुंकू, काळे तीळ आणि अर्धं कापलेलं लिंबू. रोहिदासची गाडी पार केकच्या दुकानापुढे. डिलिव्हरीवाली पोरंसुद्धा वळसा घालून जात होती. मीही घातला. संध्याकाळी काका विरजण मागायला आले तेव्हा त्यांची बोटं पिवळी होती. मी बोटांकडे बघितलं, त्यांनी हात मागे घेतला.

"मंत्रबिंत्र काही नाही हो," ते म्हणाले. "आमच्या गावात असं काही वाटेत दिसलं की म्हाताऱ्या गुरंसुद्धा बाजूने नेत. म्हटलं, गाड्या जातात का बघू."

गाड्या जात होत्या. काका दर शनिवारी आणि अमावास्या-पौर्णिमेला पहाटे गुपचूप लिंबू ठेवत आणि गेट मोकळं राही. आम्ही दोघं त्यावर पोटभर हसलो, काकींनाही सांगितलं नाही. तरी खाली उतरताना माझी पावलं त्या पत्रावळीपासून दूरच पडत. शिकलेली बाई मी, पण एखाद्या शनिवारी काकांना आठवणीने लिंबू दिलं की मी लगेच हात धुऊन घ्यायचे.

एका शनिवारी रोहिदासने घाईत गाडी मागे घेतली आणि चाक लिंबावरून गेलं. त्याच संध्याकाळी पुलाच्या उतारावर त्याची मोटरसायकल घसरली आणि उजवा हात मोडला. पुढचं सगळं ठरल्यासारखं झालं. गेटवरच्या कॅमेऱ्यात लिंबू ठेवताना कोण दिसतं ते वॉचमनने रोहिदासला दाखवलं. दोन दिवसांनी जिन्यावर बऱ्याच चपलांचा आवाज आला. मी दाराला साखळी लावून फटीतून पाहू लागले. पेव्हर ब्लॉक उचललेला तो माणूस माझ्या डोळ्यांपुढून हलेना.

काकांनी दार उघडलं. रोहिदास प्लास्टरचा हात गळ्यात अडकवून उभा, मागे त्याचे तिघे. काका भिंतीला टेकले होते. पण रोहिदासचा चेहराच उतरलेला होता.

"काका, त्ये तुमी ठेवलंत ना? माज्या घरात लहान पोर हाय. माजं काय व्हायचं त्ये झालं. पोराला काय नको. काढून घ्या."

काकांनी खरं ते सांगितलं. काकींचा दमा, अडकलेली अ‍ॅम्ब्युलन्स, सगळं. लिंबू भाजीवाल्याकडचं, त्यात काही नाही, मग काढून काय घेऊ? ते जितकं समजावत तितका रोहिदास मागे सरकत होता. "नाय सांगायचं तर नका सांगू," एवढं बोलून तो उतरला. तिघंही त्याच्या मागोमाग गेले, एकाने उंबऱ्याला हात लावून नमस्कार केला.

इमारत बदलली ती तेव्हापासून. काकांकडची कामवाली यायची बंद झाली. दूधवाला पिशवी खालच्या कट्ट्यावर ठेवून जाऊ लागला. जिन्यात काका दिसले की बायका पोरांना पदराआड घेत. काका वाट द्यायला भिंतीशी अंग चोरून उभे राहत, तर तेच मुद्दाम टपून उभे असतात, अशी कुजबुज. आयुष्यभर माणसांना घाबरलेल्या या माणसाला आता माणसं घाबरत होती, आणि याचं काय करायचं ते त्यांना कळत नव्हतं.

आणि एका दुपारी काकींना पुन्हा दम्याचा अटॅक आला. अ‍ॅम्ब्युलन्स गेटपर्यंत सरळ आली, वाटेत साधी सायकल नव्हती. पण इमारतीला लिफ्ट नाही. काकींचं शरीर जड, गाडीबरोबर ड्रायव्हर आणि एकच मदतनीस. वळणावळणाच्या जिन्यावरून खुर्ची न्यायला आणखी दोन धडधाकट माणसं हवी होती. आमचे हे ऑफिसला, मुलगा कॉलेजात. मी खालवर धावत दारं ठोठावली. आत टीव्ही चालू होते. एका दारामागे चपला सरकल्या आणि टीव्ही बंद झाला. काकींचे ओठ निळे पडत चालले होते. काका त्यांचा तळवा चोळत नुसतं "नलू, नलू" करत होते. आता हे इथेच संपतं की काय, असं वाटलं.

तेवढ्यात रोहिदास वर आला, हात गळ्यात तसाच, मागे हॉटेलातले दोन आचारी. तो उंबऱ्याबाहेरच थांबला.

"ही पोरं उचलतील. मी पन एक हात लावतो. लावला तर उतरंल ना, काका? पोरावरचं?"

काका त्याच्या तोंडाकडे पाहत राहिले. मला धडकी भरली. आता हा खरं बोलणारा माणूस पुन्हा लिंबू भाजीवाल्याकडचं म्हणून सांगायला लागणार.

"उतरेल," काका म्हणाले. "धरा."

काकी वाचल्या. आठवड्याने घरी आल्या. रोहिदासचं प्लास्टर निघालं, हात जसा बरा व्हायचा तसा झाला. दुसऱ्याच दिवशी त्याची बायको नारळ आणि ओटीचं सामान घेऊन वर आली आणि पोराला काकांच्या पायावर घातलं. मग ते सगळीकडे पसरलं. त्या दुपारी टीव्ही बंद केलेल्या घरातली सून, नवऱ्याला नोकरी नाही म्हणून आली. केकवाल्याने नव्या फ्रीजला हात लावायला बोलावलं. कुणी दारात उदबत्ती खोचून गेलं. काका आतून कडी लावून बसत आणि बेल वाजली की काकींच्या खोलीत जात.

महिनाभरात त्यांनी घर भाड्याने द्यायला काढलं आणि नावड्याला मुलीकडे जायचं ठरवलं. टेम्पो भरला त्या दिवशी निरोप घ्यायला मी खाली उतरले. काकी पुढे बसल्या होत्या. मी म्हटलं, आता तर सगळे चांगलं वागतात, मग का जाता? काकांनी शर्टाचं वरचं बटण चाचपलं. हॉटेलच्या दारातून रोहिदास हात जोडून उभा होता, त्याच्याकडे न बघता ते कुजबुजले.

"मी त्याला खोटं सांगितलंय, वहिनी. उद्या त्या पोराला साधा ताप जरी आला, तरी तो माझ्याकडेच येणार. डॉक्टरकडे नाही."