‘नाही म्हणायला शिका’ आणि मावशीची भातलावणी

बुधवारी सकाळी आमच्या कंपनीच्या बसमध्ये एक लेखक उघडा पडला. पहिल्यापासून सांगतो, कारण माझा राग अजून उतरलेला नाही...

मी इंदुरीचा. सुदुंबऱ्याकडच्या एका कंपनीत पॅकिंगला आहे. मागे एकदा मी बसमध्ये सुपरवायझर साहेबांच्या सीटखाली फोन ठेवून बोकडाचा आवाज लावला होता. साहेब दोन स्टॉप बोकड शोधत होते. त्याची शिक्षा म्हणून गाणी बंद, आणि रोज बसच्या स्पीकरवर एक ऑडिओबुक लावायचं काम माझ्याकडे आलं. कामात फास्ट कसं व्हायचं, असलं पुस्तक.

पहिल्या दिवशी लय हसलो. लेखक पहाटे चारला उठतो, गार पाण्याने आंघोळ करतो, मग तासभर शांत बसतो. शेजारच्या सीटवरून आमच्याच पॅकिंगची सुमनमावशी म्हणाली, “आन त्येचा डबा कोन करतं?” पुस्तकात उत्तर नव्हतं.

पण खोटं कशाला बोलू, मधला एक भाग पटला. फोन लांब ठेवून एका वेळी एकच काम करा, म्हणाला. मी केलं, तर माझे बॉक्स परत येणं बंद झालं. दोन दिवस मी त्या माणसाला मानायला लागलो होतो...

मग आला तो चॅप्टर. दुसऱ्याचं काम अंगावर घेऊ नका, नाही म्हणायला शिका, नाहीतर लोक तुमचा वेळ खातील. साहेबांना हे इतकं आवडलं की मंगळवारी त्यांनी जाहीरच केलं, उद्यापासून कुणी कुणाच्या जागी उभं राहायचं नाही.

आता ज्यांना माहीत नाही त्यांना सांगतो. आमच्याकडे भात लावताना सावड असते. आज सगळे तुमच्या खाचरात, उद्या सगळे माझ्या. आम्ही तेच लाईनवर करतो. ज्याची लावणी असेल तो घरी, बाकीचे थोडं जास्त थांबून त्याचा माल काढतात. माल कधी कमी पडलेला नाही.

आणि गुरुवारी सुमनमावशीची लावणी होती. सुट्ट्या संपलेल्या. गुरुवार गेला की माणसं दुसऱ्याच्या खाचरात जाणार, आणि रोप एकदा जून झालं की धड फुटत नाही. मावशी खिडकीतून बाहेर बघत बसली. माझं डोकंच फिरलं. एसीत बसून नाही म्हणायला काय जातंय याचं?

संध्याकाळी धारा काढताना मी पुस्तक पुढे पळवलं. म्हटलं, कुठेतरी सापडेलच हा. सापडला... अगदी शेवटी, आभार मानताना. ऑफिसातल्या दोघांनी तीन महिने त्याच्या मीटिंगा केल्या, म्हणून पुस्तक झालं. बायकोने घर सांभाळलं. सासूने पोरं सांभाळली. मी हसलो नाही. म्हैस पण दचकली, इतक्या जोरात बादली आपटली.

बुधवारी बसमध्ये तेवढंच लावलं. साहेब म्हणाले, “पुढचा चॅप्टर लाव.” मी म्हटलं, “साहेब, पुस्तक पूर्ण ऐकायचं असं तुम्हीच म्हणालात.” मग रेंज गेल्याचं सांगून परत लावलं. मग परत.

तिसऱ्या वेळेला मावशी हळूच म्हणाली, “साहेब, ही तर सावडच झाली की. ह्ये बाबा मग आमाला कशापायी न्हाई म्हनतंय?”

कंपनीचं गेट आल्यावर साहेब उठले आणि मावशीला म्हणाले, “उद्या तुमच्या जागी कोण उभं राहतंय?”

आख्ख्या बसने हात वर केले. ड्रायव्हरभाऊंनी पण. त्यांना म्हटलं, तुम्ही स्टेअरिंग धरा.

गुरुवारी मावशीचं खाचर दुपारीच लावून झालं, आणि तिचा माल आम्ही पाचजणांनी काढला.

लेखकसाहेबांवरचा राग काही जाणार नाही. पण त्यांच्या मीटिंगा करणारे ते दोघं जिथे कुठे असतील, त्यांचे मनापासून आभार... तुमची नावं शेवटच्या दोन मिनिटांत आली, ती पहिल्याच चॅप्टरला यायला पाहिजे होती.